सात सीटांची बैठक

हृषीकेश घाडगेने सात सीटांची गाडी आणली तेव्हा घरात माणसं चार होती. तो स्वतः, बायको शुभदा, दहावीतली मुलगी अबोली आणि वडील जयसिंगराव, ज्यांना सोसायटीतली पोरंसोरंसुद्धा नाना म्हणत. उरलेल्या तीन सीटांवर कोण बसणार, असं शुभदाने विचारलं.

"नातेवाईक," हृषीकेश म्हणाला.

शुभदा सांगलीची. तिचे नातेवाईक सांगलीत. हृषीकेशला आत्या एकच, देवासची मंगलाआत्या, आणि तिचं नानांशी बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. पण गाडी दारात उभी राहिली की माणसं आपोआप जोडली जातात, असा हृषीकेशचा विश्वास होता. जाहिरातीत तसंच दाखवलं होतं.

गाडी त्याच्या मालकीची नव्हती. इंदूरला विजय नगरातल्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत तो होता, तिथे लीजची योजना निघाली होती. गाडी लीजवाल्यांची, हप्ता पगारातून परस्पर कापणार, विमा आणि सर्व्हिसिंग त्यांच्याकडे, आणि तीन वर्षांनी गाडी परत. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवायची की पंधरा, एवढंच आपण ठरवायचं. हृषीकेशने पंधरावर खूण केली. "घेतलीच आहे तर फिरू," तो म्हणाला.

नानांनी काठी टेकत गाडीला एक फेरी मारली आणि बॉनेटवर थाप दिली.

"आपली आहे का?"

"लीजवर आहे, नाना. म्हणजे वापरायची आपण, मालक ते."

घाडग्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, आणि ही गोष्ट नाना कुणालाही ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगत. "म्हणजे बारगीर," ते म्हणाले.

"काय?"

"ज्याचा घोडा स्वतःचा, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा, तो बारगीर. आपण भिया, आता बारगीर." मग मुलाचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "वाईट नाही रे. आपले खापरपणजोबा पण बारगीरच होते. मी बाहेर सांगत नाही, एवढंच."

पहिल्याच रविवारी महेश्वरला जायचं ठरलं. शुभदाने पहाटे उठून पुऱ्या केल्या. अबोली मागच्या रांगेत कानात इयरफोन घालून आडवी झाली. नाना मधल्या सीटवर ऐसपैस बसले आणि महू यायच्या आतच त्यांना उलटी झाली. सगळी नव्याकोऱ्या मॅटवर. हृषीकेशने गाडी बाजूला घेतली, वडिलांना पाणी दिलं, आणि मग जवळजवळ तेवढ्याच काळजीने मॅट पुसली, कारण करारात आतल्या डागांबद्दल एक वेगळं कलम होतं. पुऱ्या परत येऊन घरीच खाल्ल्या.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य पक्कं झालं: नानांना गाडी लागते. त्यांना एकटं ठेवून जाणं शुभदाला बरं वाटेना. त्यांना घेऊन जाण्याची हृषीकेशला हिंमत होईना. पुढे अबोलीची परीक्षा आली, मग अकरावी, मग क्लास. हृषीकेशने दोनदा गाडी ऑफिसला नेली. तिथल्या तळघराच्या उतारावर ती वळेना, आणि बाहेर लावावी तर दोन्ही बाजूंनी स्कूटर घासून जात. तिसऱ्या दिवसापासून तो पुन्हा ॲक्टिव्हावर जाऊ लागला. गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, खांबांच्या मधल्या सावलीत, कव्हर घालून उभी राहिली. लांबी एवढी की तिचं नाक सोसायटीच्या पिवळ्या रेषेच्या वीतभर बाहेर येई.

चार महिन्यांनी एकदा सर्व्हिसिंगला न्यायची म्हणून हृषीकेश किल्ली घेऊन खाली गेला तर गाडी सुरूच होईना. बॅटरी पार बसली होती. मेकॅनिक आला, त्याने आत डोकं घातलं आणि हसला.

"भिया, इसमें कोई रोज रेडिओ सुनता है."

"शक्यच नाही. चावी घरात असते."

मेकॅनिकने मधल्या सीटच्या खिशातून तीन दिवसांचे अखबार, चष्म्याची डबी आणि पाचक गोळ्यांची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

शुभदाला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही, थोडं वाईट मात्र वाटलं. नाना कुठे राहत होते आणि कुठे आले होते, हे तिने पाहिलं होतं. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही ते कृष्णपुऱ्याजवळ दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहिले. घरापुढे दगडी ओटला होता. सकाळ-संध्याकाळ त्यावर चार जण बसत, अखबार वाचत, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. सासूबाई गेल्या, तेव्हा हृषीकेश नानांना विजय नगरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. फ्लॅट भाड्याचा, बेडरूम दोन. एक नवराबायकोची, एक अबोलीची. नानांना हॉलमधला दिवाण मिळाला. सकाळी नऊला तो आवरावा लागे, कारण साडेनऊपासून शुभदा तिथेच लॅपटॉप उघडून पुण्याच्या एका कंपनीचं काम करी आणि तिच्या मागे पांघरुणं दिसून चालत नसे. मग नाना गॅलरीत जात. गॅलरीत वॉशिंग मशीन होतं.

"तुम्ही सांगायचं तरी, नाना," ती म्हणाली.

"काय सांगणार? स्वयंपाकघरात खुंटीला दुसरी चावी होती. ऊपर सगळे कामात. म्हटलं, इतकी मोठी गाडी बेकार उभी आहे, जाऊन बसू."

"पण तुम्हाला तर गाडी लागते."

"उभी नाही लागत," नाना म्हणाले.

मेकॅनिकने बजावलं होतं की आठवड्यातून अर्धा तास गाडी फिरवली नाही तर नवी बॅटरीही जाईल. तेव्हा दर रविवारी सकाळी हृषीकेश एकटाच गाडी काढून सुपर कॉरिडॉरपर्यंत जाऊन येऊ लागला. जाताना सहा सीटा रिकाम्या, येताना सहा सीटा रिकाम्या. त्या अर्ध्या तासात नाना खाली खांबाला टेकून वाट पाहत उभे राहत. घरात रंगारी आल्यावर माणूस दाराबाहेर उभा राहतो तसे.

एकदा गोष्ट उघड झाल्यावर नानांनी नीट संसार मांडला. पितळी फुलपात्र, एक उशी, थर्मास. मधल्या रांगेच्या दोन्ही काचा उघडल्या की खांबांमधून वारा वाहे. बाहेर एप्रिल पेटलेला असला तरी आत बरं वाटे. तिसऱ्या मजल्यावरचे दौलतराव, जे सुनेच्या शिकवण्यांमुळे संध्याकाळी घराबाहेरच असत, एक दिवस काचेवर टकटक करून "अंदर आऊं?" म्हणाले. मग ते रोज येऊ लागले. दोघं मधल्या सीटांवर बसून इंदूरच्या सफाईपासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळं मार्गी लावत.

घरच्यांनाही हळूहळू अक्कल आली. एका दुपारी शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचं काम निघालं आणि शुभदाची महत्त्वाची मीटिंग होती. ती लॅपटॉप घेऊन खाली धावली आणि पुढच्या सीटवर बसली. पुण्यातल्या साहेबांना तिच्या मागे गाडीची सीट दिसली. "प्रवासात असूनही जॉइन झालात? ग्रेट," ते म्हणाले. शुभदाने खुलासा केला नाही. त्यानंतर ती सगळ्या मोठ्या मीटिंगा गाडीतूनच करू लागली आणि वर्षअखेरीला तिच्या कामाच्या अहवालात 'प्रवासातही तत्पर' असा शेरा येऊन तिला बढती मिळाली. गाडी त्या वर्षभरात आठशे-नऊशे किलोमीटर चालली असेल. त्यांतला एकही शुभदाच्या वाट्याचा नव्हता.

बारावीला अबोलीने मागची रांग घेतली. तिच्या खोलीत वाय-फाय होतं, हेच तिचं दुखणं होतं. खाली ते पोचत नसे. ती पुस्तकं घेऊन मागे बसे, पुढे नाना आणि दौलतराव बोलत, आणि तिला त्या आवाजात अभ्यास बरा होई. "यांच्या गोष्टीत ऐकण्यासारखं काहीच नसतं ना, म्हणून," तिने आईला सांगितलं.

शेवटी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. सकाळी नाना, अकरा ते एक शुभदा, तीन ते पाच अबोली, साडेपाचनंतर नाना आणि मंडळी. हृषीकेशने ते ऑफिसातून आल्यावर उभ्या उभ्या वाचलं.

"माझं नाव नाही यात."

"रविवारी सकाळी तू चालवतोस ना," शुभदा म्हणाली. "तेवढा वेळ आम्ही कुणी मागत नाही."

मंगलाआत्याचं प्रकरण याच सुमारास झालं. भांडण शुभदाच्या सासूबाई गेल्या तेव्हाचं. वहिनी गेल्याची बातमी तिला फोनने न कळवता मोबाइलवरच्या फॅमिली ग्रुपमध्ये टाकली गेली, आणि तिने ती दुसऱ्या दिवशी वाचली. ती धाय मोकलून रडली आणि नंतर म्हणाली, जयसिंगच्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. शब्दाची पक्की बाई. सहा वर्षं तिने तो पाळला. एका लग्नासाठी ती इंदूरला आली. कार्यालय सोसायटीच्या मागच्याच रस्त्यावर होतं. शुभदाने तिला आग्रहाने दारापर्यंत आणलं. लिफ्टसमोर आत्या थांबली.

"मी ऊपर येणार नाही. बोलले ते बोलले."

नाना गाडीतच बसले होते. त्यांनी काच खाली केली. बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं.

"मंगला," अखेर नाना म्हणाले, "हे काही घर नाही."

"दिसतंय मला."

"आणि माझं पण नाही. लीजवाल्यांचं आहे. विचार पाहिजे तर हृषीला."

आत्याने पदर सावरला, गाडीभोवती नजर फिरवली, आणि जणू वकिलाशी सल्लामसलत करावी तशी मिनिटभर विचार करून दार उघडलं. ती दोन तास बसली. शुभदाने चहा आणि चिवडा खाली नेऊन दिला. पहिला अर्धा तास आत्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत होता, मग तो खाली आला, मग काही ऐकू येईना. निघताना तिचे डोळे लाल होते आणि ती शुभदाला म्हणाली, "गाडी चांगली आहे गं. पाय लांब करता येतात." त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी ती देवासहून बसने यायची, गाडीत बसायची, आणि घराची पायरी न चढता परत जायची. हृषीकेशचे नातेवाईक खरोखरच सातव्या सीटपर्यंत आले होते. फक्त गाडीला त्यासाठी हलावं लागलं नव्हतं.

सोसायटीला मात्र हे पटेना. दौलतरावांच्या मागोमाग बी विंगमधले दोघं यायला लागले. थंडीच्या दिवसांत गाडीत पाच-पाच म्हातारे बसत आणि हसण्याचा आवाज जिन्यातून वर जाई. सेक्रेटरी मनीषजी स्वभावाने वाईट माणूस नव्हता, पण त्याला नोटिसा काढायची हौस होती. नोटीसबोर्डावर कागद लागला: पार्किंग केवल वाहनों के लिए है, कृपया बैठक न करें.

नाना स्वतः मीटिंगला गेले. इस्त्रीचा शर्ट घालून.

"मनीषजी, पार्किंगमध्ये काय आहे? वाहन आहे. वाहनात काय करतात? बसतात. गुनाह कोणता?"

"नानाजी, गाड़ी में लोग बैठते हैं कहीं जाने के लिए."

"आम्ही पण जाणारच आहोत. जरा वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे."

सगळे हसले. मनीषजीही हसला, आणि मग त्याने पिवळ्या रेषेच्या बाहेर आलेल्या वीतभर नाकाचा मुद्दा काढला. त्यावर बराच वेळ चर्चा होऊन असं ठरलं की गाडीत एका वेळी गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसणार नाहीत. सात. पुढच्या आठवड्यात मनीषजींच्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते मुलीकडे राहायला आले. त्यांना जिना झेपत नव्हता, पण लिफ्टने खाली येऊन गाडीत बसणं झेपत होतं. नोटीस कधी निघून गेली कुणी पाहिलं नाही.

तीन वर्षं संपत आली तसं लीजवाल्यांचं पत्र आलं. मुदत जानेवारीअखेर संपते, गाडी हातोद रस्त्यावरच्या त्यांच्या यार्डात जमा करावी. मुदत वाढवता येत नव्हती. हृषीकेशच्या कंपनीने योजनाच बंद केली होती. विकत घ्यायचा विचार त्याने केला आणि सोडला. न चालणाऱ्या गाडीसाठी इतकं कर्ज काढायचं, हे बँकेला सांगण्याआधी स्वतःला सांगणं अवघड होतं.

शनिवारी दुपारी तो खाली आला. नाना एकटे होते. हृषीकेश ड्रायव्हरच्या सीटवर बसला, तेव्हा नाना मधल्या सीटवरून उठून शेजारी पुढे येऊन बसले. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर फ्लॅटचा नंबर लिहिला होता. घरात बापलेक समोरासमोर बसले की एक जण टीव्ही लावायचा. इथे टीव्ही नव्हता.

"जानेवारीला गाडी जाणार, नाना."

"हो. अबोलीने सांगितलं."

"तुमची पंचाईत होईल."

"होईल थोडी." नानांनी खिशातून रुमाल काढून काचेच्या आतला एक डाग पुसला. "एक गोष्ट बोलू? रागावणार नाहीस?"

"बोला."

"मला गाडी लागत नाही."

हृषीकेशने मान वळवली.

"त्या महेश्वरच्या दिवशी सकाळी फिरायला गेलो होतो ना, तेव्हा चौकात तीन कचोऱ्या खाल्ल्या. गरम होत्या. डॉक्टरने तळलेलं बंद केलेलं, शुभदाचं बारीक लक्ष. म्हटलं, आज सगळे घाईत आहेत, कोणाला कळत नाही. त्या कचोऱ्यांनी घात केला. गाडीने नाही."

"तीन वर्षं," हृषीकेश म्हणाला. "तीन वर्षं आम्ही कुठे गेलो नाही. तुम्हाला लागते म्हणून."

"मी कधी म्हटलं लागते? तुम्ही म्हटलं. मी नाही म्हटलं नाही, बस."

"पण का?"

"पहिले लाज वाटली. मग..." नानांनी हात फिरवून सगळी गाडी दाखवली, उशी, थर्मास, मागच्या रांगेतली अबोलीची पुस्तकं. "मग ही मिळाली. तू फिरवायला लागला असतास तर मी कुठे बसलो असतो?"

हृषीकेशला राग आला होता, हे खरं. त्याने रिकाम्या सहा सीटा घेऊन मारलेल्या सगळ्या रविवारच्या फेऱ्या आठवल्या. पण वडील इतकं लांब वाक्य त्याच्याशी बोलल्याला किती दिवस झाले होते, तेही त्याला आठवेना. तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने नानांनी थर्मासचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं, आणि त्याने चहा घेतला. पाच वाजता दौलतराव आले, बापलेकांना पाहून मागच्या मागे निघून जायला लागले, तेव्हा हृषीकेशनेच त्यांना हाक मारली.

ही कचोरीची बातमी शुभदाला त्याच संध्याकाळी कळली. ती नानांशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गाडी सोडायला आपण चौघं जाऊ. लागत नाही ना? मग चला."

जानेवारीतला शेवटचा सोमवार. हृषीकेशने रजा टाकली. अबोली आता कॉलेजला होती, तिने दांडी मारली. गाडीतून घर काढायला सकाळचे दोन तास गेले. उशी, फुलपात्र, चटईचा तुकडा, पेनं, आत्याचा विसरलेला स्वेटर, शेजाऱ्यांची कवळीची डबी. दौलतराव आणि मंडळी पार्किंगमध्ये ओळीने उभी होती. मनीषजींच्या सासऱ्यांनी वॉकर एका बाजूला ठेवून गाडीला नमस्कार केला.

विजय नगरची गर्दी मागे पडली, शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं सुरू झाली. नाना मधल्या सीटवर काच खाली करून बसले होते. त्यांना काहीही झालं नाही. उलट त्यांचं तोंड थांबेना. या विहिरीवर पूर्वी खात्याचा पंप होता, त्या गावच्या पाटलाने मला पेरू दिले होते. अबोलीने इयरफोन काढून ठेवले. यार्डाचं फाटक आलं तेव्हा हृषीकेशने गाडी हळू केली.

"अजून थोडं पुढे जाऊ," शुभदा म्हणाली. "हातोदपर्यंत. किलोमीटर किती उरलेत आपले?"

"बेचाळीस हजार," हृषीकेश म्हणाला.

"मग जरा वापर."

ते हातोदला गेले. मंडीत लसणाच्या गोण्यांमधून फिरले, हिरव्या हरभऱ्याच्या चार जुड्या घेतल्या, एका दुकानात चहा प्यायले. नानांनी कचोरीच्या कढईकडे पाहिलं आणि शुभदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "एक." गाडीत बसून सगळ्यांनी हरभरा सोलून खाल्ला. टरफलं गाडीभर झाली आणि हृषीकेशने पहिल्यांदाच ती पाहून काही म्हटलं नाही. तलावाकडे जायचं का, असं अबोलीने विचारलं. तिकडेही गेले. तीन वर्षांत गाडी एका दिवसात इतकी कधी चालली नव्हती.

यार्डात पोचायला तीन वाजले. तपासणीला लक्ष्मण नावाचा तरतरीत माणूस होता, हातात टॅब घेऊन. त्याने बाहेरून पाहिलं, एकही ओरखडा नाही. टायरवर नख लावलं, नवेच. मीटर पाहून त्याने डोळे बारीक केले.

"दो हजार सात सौ? तीन साल में? सर, मीटर तो नहीं खुलवाया?"

"नाही."

मग त्याने दार उघडलं. मधल्या दोन सीटा माणसाच्या आकाराने दबल्या होत्या. हाताशी येणारं कापड घासून चकचकीत झालं होतं. दारांच्या मुठी सैल, दिव्याचं बटण गुळगुळीत, आणि सगळीकडे चहाचा आणि हरभऱ्याचा वास.

"भिया," लक्ष्मण अगदी हळू आवाजात म्हणाला, "ये चली नहीं, तो घिस कैसे गई?"

हृषीकेशने सांगायला तोंड उघडलं. पण नानाच पुढे झाले. "आम्ही हिच्यात राहत होतो," ते म्हणाले.

लक्ष्मणने चौघांचे बरे कपडे पाहिले, शुभदाच्या हातातला लॅपटॉप पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही दया आली की शुभदाला हसू दाबता येईना. त्याने डागांच्या कलमापुढे काही न लिहिता 'सामान्य वापर' असं टाकलं. टॅबवर बोटाने सही घेतली आणि गाडी मागच्या रांगेत नेऊन लावली. तिथे तशाच वीसेक गाड्या उभ्या होत्या. लांबून आपली कोणती ते कळेना.

मोबाइलवर टॅक्सी मिळेना. 'आपके क्षेत्र में वाहन उपलब्ध नहीं' असं तो सारखा सांगत राहिला. पाऊण तास चौघं रस्त्याच्या कडेला पिशव्या धरून उभे होते. शेवटी शहराकडे जाणारी मॅजिक, म्हणजे सीटमागे पैसे घेणारी छोटी व्हॅन, आली. आत नऊ माणसं आधीच होती.

"आ जाओ, आ जाओ, बहुत जगह है," ड्रायव्हर म्हणाला.

नानांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि कुणीतरी लसणाची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. पाचव्या मिनिटाला ते ड्रायव्हरला होळकरांच्या घोडदळाबद्दल सांगत होते. मागे शुभदा आणि अबोली एकाच सीटवर अर्ध्या-अर्ध्या बसल्या आणि हृषीकेश वाकून उभा राहिला, छताला डोकं टेकवून.

"बाबा," अबोली म्हणाली, "आपल्या गाडीचा हप्ता आणि फ्लॅटचं भाडं मिळून तीन बेडरूमचं घर भाड्याने आलं असतं. मी बघितलं. आपल्याच रस्त्यावर आहे."

"कधी बघितलंस?"

"दोन वर्षांपूर्वी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला मागची सीट आवडायची," अबोली म्हणाली.

हृषीकेशने शुभदाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. वळण आलं, मॅजिक कलली आणि तो तिच्या अंगावर जवळजवळ पडलाच. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली. बाहेर एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती.

"सरको भिया, थोडा थोडा सरको," ड्रायव्हर ओरडला, आणि सगळे सरकले.